ट्वायलाइट: क्रिस्टन स्टुअर्टला 'ठोकळा' म्हणणाऱ्यांनी आत यावे

भिजकी_छत्री:
वाईट अभिनयाचा विषय निघाला की दोन-चार प्रतिसादांत 'ट्वायलाइट' येतोच, आणि मार खायला पुढे उभी असते क्रिस्टन स्टुअर्ट. चेहरा ठोकळा, तोंड अर्धं उघडं, पापण्यांची फडफड. झालं परीक्षण. मी आज उलटी बाजू मांडणार आहे. सिनेमा थोर आहे असं म्हणणं नाही. निळ्या रंगात बुचकळून काढलेला २००८ चा टीनेजर सिनेमा आहे तो, आणि त्या झाडावर सरसर चढण्याबद्दल तर बोलायलाच नको. पण पात्रनिवड, आणि त्यातही स्टुअर्टची बेला, हे त्यातलं सगळ्यात नेमकं काम आहे.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी: आईने दुसरं लग्न केलंय म्हणून सतरा वर्षांची बेला फिनिक्सचं ऊन सोडून फोर्क्स नावाच्या सदा पावसाळी गावात वडिलांकडे राहायला येते. शाळेत एडवर्ड कलन भेटतो (रॉबर्ट पॅटिन्सन). हा व्हॅम्पायर. १९१८ च्या स्पॅनिश फ्लूत मरता मरता 'बदलला', तेव्हापासून वय सतराच. माणसाचं रक्त प्यायचं नाही असा घरचा नियम, पण बेलाचा वास आला की याचा ताबा सुटायला लागतो.

मूळ कादंबरी बेलाच्याच तोंडून आहे. पानंच्या पानं तिच्या डोक्यातली घालमेल. सिनेमात निवेदन अगदी मोजकं, म्हणजे ती सगळी घालमेल जाणार चेहऱ्यावर. कॅथरीन हार्डविक या दिग्दर्शिकेने आधी 'थर्टीन' (२००३) केलेला, किशोरवयीन मुलींच्या तोंडासमोर कॅमेरा नेऊन उभं राहणं ही तिची पद्धत. इतक्या जवळून कोणी ठसक्यात संवाद म्हणायला लागलं तर बघवणार नाही.

जीवशास्त्राच्या तासाचं दुसरं दृश्य बघा. दोघांत एक मायक्रोस्कोप, कांद्याच्या मुळाच्या पेशी ओळखायच्या आहेत. आदल्या भेटीत नाक दाबून बसलेला हा मुलगा आज एकदम सभ्यपणे विचारतो, पाऊस आवडतो का. स्टुअर्ट आधी नुसती बघते. हसावं की वैतागावं हे ठरत नाही. मग, हवामानाबद्दल विचारतोयस? असं अर्धवट हसत म्हणते, केस कानामागे सारते, आणि बोलता बोलता स्वतःच कबूल करून टाकते की थंड, ओलं काही तिला आवडत नाही. नव्या शाळेत गेलेली सतरा वर्षांची मुलगी अशीच बोलते. आणखी कशी बोलणार?

खवट_काका:
छत्रीताई, वकिली झकास, पण अशील दोषी आहे. अडखळणं हा अभिनय असेल तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दर सर्वसाधारण सभेत पुरस्काराच्या लायकीचे. एका दृश्यात संकोच दाखवणं वेगळं आणि दोन तास तोच संकोच वाटत बसणं वेगळं. प्रेमात पडली तरी तेच, वडिलांशी भांडली तरी तेच, बॅले स्टुडिओत पाय मोडला तरी थोडं मोठ्याने तेच. 'पॅनिक रूम'मध्ये (२००२) हीच पोर बारा वर्षांची असेल-नसेल आणि जोडी फॉस्टरसमोर टिच्चून उभी होती. म्हणजे येतं तिला. इथे केलं नाही.

ठकूबाई:
काकांना +१. आणि कुणी लगेच 'मुलींच्या आवडीचा सिनेमा म्हणून पुरुष हसतात' हे काढू नका. मी तेव्हा अकरावीत होते, लक्ष्य प्रेक्षक की काय म्हणतात ते मीच. हॉस्टेलच्या खोलीत एका लॅपटॉपसमोर आम्ही आठजणी कोंबून बसलो होतो. एडवर्ड उन्हात चमकला तेव्हा सगळ्या फिसकन हसल्या. पुढचे चारही भाग बघितले ते वेगळं.

नाट्यवेल्हाळ:
ठकूबाईंचं मान्य, पण काकांचं अजिबात नाही. आपली कानाची सवय रंगभूमीची आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द पोचला पाहिजे, वाक्य पूर्ण पडलं पाहिजे. एकांकिका स्पर्धांत आम्ही हेच घोकलं. त्या तागडीत स्टुअर्टला घातलं की ती उणी भरणारच, कारण ती वाक्य पाडतच नाही, सांडते. पण कॅमेरा हातभरावर असताना सांडलेलं चालतं.

माझी तक्रार पॅटिन्सनबद्दल होती. कपाळाला आठी, भुवया खाली, जबडा आवळलेला, जणू ॲसिडिटी. नंतर पुन्हा पाहिला तेव्हा रेस्टॉरंटमधला तुकडा नीट बघितला. त्याला लोकांच्या मनातलं ऐकू येतं हे तो बेलाला सांगतोय. एकेका टेबलाकडे मान वळवून: पैसा, सेक्स, पैसा, सेक्स... आणि मग एका टेबलाशी जरा थबकून, मांजर. 'मांजर' म्हणताना चेहऱ्यावरची रेष हलत नाही. हा मूळचा विनोदी नट आहे हो! भलत्याच गंभीर भूमिकेत सापडलेला.

खवट_काका:
मास्तर, दोन तासांत एक मांजर. बाकीचा वेळ ॲसिडिटीच ना?

भिजकी_छत्री:
ती ॲसिडिटी त्याने मुद्दाम घेतलीय. पॅटिन्सनने नंतर मुलाखतींत सांगितलंय की निर्मात्यांना एडवर्ड जास्त हसरा हवा होता, कादंबरीत तो जिथे जिथे हसतो त्या जागा अधोरेखित करून पुस्तक त्याच्या हातात दिलं होतं. हा ऐकेना. त्याचं म्हणणं, नव्वद वर्षं सतराव्या वर्षात अडकलेला, पुन्हा पुन्हा शाळेत जाणारा, स्वतःचा तिटकारा असलेला माणूस गोड कसा हसेल? नोकरी जाता जाता वाचली बहुधा. वास आला की नाकावर हात, अंग चोरून बाकाच्या पार टोकाला, मागे पंख पसरलेलं पेंढा भरलेलं पांढरं घुबड. मुलगी आवडली म्हणून ओकारी आल्यासारखा चेहरा करणारा हीरो मला तरी दुसरा आठवत नाही.

ठकूबाई:
घुबड! मी पंधरा वर्षं समजत होते की ते माझ्या डोक्यात आहे.

उंबरा:
सगळे त्या दोघांच्याच मागे. सिनेमातला सगळ्यात चांगला नट बिली बर्क आहे, बेलाचा बाप चार्ली स्वॉन, गावचा पोलीस प्रमुख. मला दोन मुली आहेत म्हणून पक्षपाती असेन. लेक घरी आली तर बोलायचं काय हे या माणसाला कळत नाही. तो कामं करतो. तिच्या जुनाट ट्रकची सोय करतो, हातात पेपर स्प्रे देतो. एडवर्ड रीतसर भेटायला आलाय असं ती सांगते तेव्हा हा टेबलावर बंदूक साफ करत बसलेला. उघडी बंदूक खटकन मिटतो आणि म्हणतो, आण आत. सुरात काडीचा फरक नाही. त्याच्या जागी दुसऱ्या कुणी डोळे मिचकावून टाळी घेतली असती.

आणि शेवटाकडचं भांडण. मागावर असलेल्या व्हॅम्पायरपासून बापाला वाचवायचं म्हणून बेला मुद्दाम त्याला तोडून घराबाहेर पडते. त्यासाठी आईने घर सोडताना जे शब्द वापरले होते तेच शब्द वापरते. बर्क काही करत नाही. हात थोडे वर आलेले असतात तिला अडवायला, ते तिथेच राहतात. खवटकाका, ते वाक्य त्याच्या अंगावर टाकणारी तुमची ठोकळाच आहे बरं का. तिला तेव्हा रडू येतंय आणि ते बापाला दिसू द्यायचं नाहीये, एकाच वेळी दोन्ही.

खवट_काका:
चार्लीबद्दल दुमत नाही. ते भांडणाचं दृश्यही चांगलं आहे, देतो. पण ते बर्कमुळे चांगलं आहे.

नाट्यवेल्हाळ:
एकट्याने भांडण होतं का काका?

रातराणी:
ॲना केंड्रिकला कोणीच विचारलं नाही? बेलाची वर्गातली मैत्रीण जेसिका. कपड्यांच्या दुकानात प्रॉमचा ड्रेस अंगाला लावून बघत तिची जी टकळी चालते! हेवा, भोचकपणा, खरी मैत्री, सगळं एका दमात. बाकी सिनेमा शोकसभेला आल्यासारखा चेहरा करून चाललेला असताना ही एकटी बाजारात आल्यासारखी. पुढच्याच वर्षी 'अप इन द एअर' आला आणि तिला ऑस्करचं नामांकन मिळालं.

कलन खानदानाबद्दल मात्र काकांच्या बाजूने. तोंडाला पांढरा थर, मान वेगळ्याच रंगाची, डोळ्यांत सोनेरी लेन्स. रोझलीचे (निकी रीड) केस तर रंगवल्याचे लांबून कळतात. बिचारी 'थर्टीन'ची सहलेखिका, आणि इथे वाट्याला काय, तर खुन्नसने बघणं. तरी स्वयंपाकघरात बेला जेवून आलीय म्हटल्यावर हातातलं सॅलडचं काचेचं भांडं ती दाबून फोडते ते मला जाम आवडतं. जॅस्पर (जॅक्सन रॅथबोन) काय करत होता ते मला आजही कळलेलं नाही. डोळे एवढे मोठे की कोणी पाठीत चिमटा काढतंय असं वाटावं.

ठकूबाई:
जॅस्परला बोलायचं नाही! तो कुटुंबात माणसाचं रक्त पिणं सोडण्यात सगळ्यात नवखा, शेजारी माणसांनी भरलेला वर्ग, म्हणून तसा. आणि बेसबॉलच्या दृश्यात बॅट बोटांवर फिरवतो ते विसरलात? आम्ही आठजणींनी ते रिवाइंड करून पाहिलं होतं.

सिॲटलकर:
उशिरा आलो. फोर्क्स आमच्यापासून गाडीने चारेक तासांवर, पाहुणे आले की एकदा तरी वारी होतेच. गाव बघून लोक हिरमुसतात, कारण पहिल्या भागाचं बरंचसं चित्रीकरण शेजारच्या ऑरेगन राज्यात झालं. चार्लीचं घरसुद्धा ऑरेगनमधल्या सेंट हेलेन्स गावात आहे. फोर्क्सजवळच्या ला पुशचा म्हणून दाखवलेला समुद्रकिनारासुद्धा तिकडचाच.

मला बोलायचंय ते बेलाच्या मित्राबद्दल, जेकबबद्दल. सिनेमातले लांडग्यांचे वंशज म्हणजे क्विलिऊट, ही खरी जमात आहे, ला पुशला त्यांचं राखीव गाव आहे. त्यांच्या तरुणाचं काम दिलं टेलर लॉटनरला, डोक्यावर लांब केसांचा विग घालून. पोरगा पहिल्या भागात गोड दिसतो, किनाऱ्यावर बेलाशी चालत गप्पा मारतो तेवढा वेळ सिनेमात मोकळा श्वास येतो, कबूल. सोळा वर्षांचा होता. पण अभिनयाची चर्चा करताना ती जागा कोणाची होती हेही विचारायला हवं. शेजारी जेकबच्या बापाच्या भूमिकेत गिल बर्मिंगहॅम आहे, कोमँची वंशाचा नट. चाकाच्या खुर्चीत बसून चार वाक्यं बोलतो आणि माणूस खरा वाटतो. लॉटनर खरा वाटत नाही, छान वाटतो.

खवट_काका:
सिॲटलकर, हा मुद्दा मनापासून पटला. पुढच्या भागांत त्या लॉटनरला शर्टही मिळाला नाही.

उंबरा:
दंड आले म्हणून तर भूमिका टिकली त्याची. दुसऱ्या भागासाठी नट बदलायचं घाटत होतं, पोराने व्यायाम करून अंग कमावलं.

खवट_काका:
पण छत्रीताई, मूळ मुद्दा राहतोय. आता तुम्ही म्हणाल, स्टुअर्टला फ्रान्सचा सीझर पुरस्कार मिळाला, 'स्पेन्सर'साठी ऑस्करचं नामांकन मिळालं, पॅटिन्सनने 'गुड टाइम' केला, 'द लाइटहाउस' केला, बॅटमॅन झाला. सगळं खरं. पण पुढे नाव काढलं म्हणून दहावीचे मार्क वाढत नाहीत. २०१३ मध्ये रॅझीवाल्यांनी शेवटच्या भागाला सगळ्यात वाईट चित्रपट आणि तिला सगळ्यात वाईट अभिनेत्री ठरवलं, ते काय उगाच?

भिजकी_छत्री:
काका, सीझर मी काढलाच नाही, तुम्हीच काढलात. माझा दावा फक्त पहिल्या भागाचा आहे. हार्डविक पहिल्यानंतर गेली. पुढच्या चार सिनेमांना तीन दिग्दर्शक, आणि त्यातला कोणीही कॅमेरा तसा तोंडाशी नेत नाही. दुसऱ्या भागात, 'न्यू मून'मध्ये, स्टुअर्ट तेच करते आणि ते चालत नाही, कारण कॅमेरा दूर उभा आहे आणि तिला करायला नुसतं विरहात बसणं आहे. रॅझी शेवटच्या भागाची, शिवाय त्या वर्षीच्या दुसऱ्या एका सिनेमाचीही धरून. तुम्ही बारावीचा निकाल दाखवून दहावीत नापास करताय.

आणि एक. त्या दोघांची निवड हार्डविकच्या घरी झाली. पॅटिन्सनसह मोजकी मुलं स्टुअर्टसमोर उभी केली होती, आणि हाच हवा असा आग्रह स्टुअर्टचा होता. तिला देखणा नको होता, कुठेतरी दुखतंय असा हवा होता. पडद्यावर नेमकं तेच दिसतं: ती पुढे झुकते, तो मागे सरकतो. दोघांची लय जुळत नाही, म्हणून तर बघत राहावंसं वाटतं. सुमारे पावणेचार कोटी डॉलरचा सिनेमा चाळीस कोटींच्या आसपास गेला तो काही इफेक्ट बघून नाही.

खवट_काका:
पैशाने अभिनय मोजायचा तर मग आपल्याकडचे किती ठोकळे महान ठरतील, नावं घेऊ का?

नाट्यवेल्हाळ:
नावं घेऊ नका, धागा पाचशेवर जाईल आणि कुलूप लागेल.

रातराणी:
खलनायक राहिला की. मागावरचा व्हॅम्पायर जेम्स झालेला कॅम जिगँडे बॅले स्टुडिओत व्हिडिओ कॅमेरा घेऊन बेलाला छळतो ते भयानक कमी आणि कॉलेजचं गॅदरिंग जास्त वाटतं. त्याच टोळीतला लॉरां, म्हणजे एडी गथेगी, दोन मिनिटांत त्याच्यापेक्षा जास्त धाक बसवतो, नुसता अदबीने बोलून.

खवट_काका:
यावर सहमत. बरं, रविवारी फक्त पहिला भाग पुन्हा लावतो, कांद्याच्या पेशींपर्यंत. त्यानंतरही ठोकळा वाटली तर इथे येऊन तसंच लिहीन, आणि मग मधे कोणी घुबड आणायचं नाही.

ठकूबाई:
काका, घुबड कांद्याच्या आधी येतं. चुकवता येणार नाही.