मदत हवी आहे: सोसायटीत निर्णय घ्यायची कुठली पद्धत धरावी? (मतदान झालंय, भांडण मिटलं नाही)

नमस्कार मंडळी,

नाशिकला इंदिरानगरमधे आमची ३२ फ्लॅटची सोसायटी आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, एकच लिफ्ट. सेक्रेटरीपद कुणालाच नको होतं म्हणून गेल्या वर्षी ते माझ्या गळ्यात पडलं. दुरुस्ती फंडात साधारण १४ लाख साठलेत आणि त्यात तीनपैकी एकच मोठं काम होणार आहे: नवी लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा सोलर.

मागच्या महिन्यात पार्किंगमधे खुर्च्या टाकून सभा घेतली. २९ घरं हजर होती. हात वर करून मोजलं तर लिफ्ट १२, सोलर ९, वॉटरप्रूफिंग ८. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. "लिफ्ट मंजूर" म्हणत त्यांनी वही मिटली आणि लोक चहाकडे वळले. चौथ्या मजल्यावरच्या काकू चहा न घेता वर गेल्या. सकाळी ग्रुपवर त्यांच्या बेडरूममधल्या बादलीचा फोटो आला. बादलीत वरून टपकलेलं पिवळट पाणी, शेजारी पेन्सिलनं तारखा टाकलेला कागद. खाली एकच ओळ: "२९ पैकी १७ जणांनी लिफ्टला हात वर केला नाही, मग मंजूर कशी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी गुगल फॉर्म पाठवला आणि त्याच २९ घरांकडून तिन्ही कामांचा पसंतीक्रम मागवला. तो असा आला:

लिफ्ट पहिली म्हणणाऱ्या १२ पैकी ७ जणांची दुसरी पसंती वॉटरप्रूफिंग, ५ जणांची सोलर.
सोलरच्या ९ पैकी ७ जणांची दुसरी वॉटरप्रूफिंग, २ जणांची लिफ्ट.
वॉटरप्रूफिंगच्या ८ पैकी ५ जणांची दुसरी सोलर, ३ जणांची लिफ्ट.

आता गंमत बघा. नुसती पहिली पसंती धरली तर लिफ्ट. शेवटच्याला बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला दिली तरी लिफ्टच, १५ विरुद्ध १४. पण पहिल्याला २ गुण, दुसऱ्याला १, तिसऱ्याला शून्य असं केलं तर वॉटरप्रूफिंग ३०, लिफ्ट २९, सोलर २८. दोघादोघांची कुस्ती लावली तर वॉटरप्रूफिंग लिफ्टलाही १५–१४ नं हरवतं आणि सोलरलाही १५–१४ नं. सभेत जे तळाला होतं तेच दोन्ही कुस्त्या मारतं! माणसं तीच, मतं तीच, फक्त मोजायची रीत बदलली.

हा घोळ जुनाच आहे असं वाचल्यावर कळलं. गुणांची रीत बोर्डा नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १७७० मधे मांडली, जोड्यांची कुस्ती काँदोर्सेनं १७८५ मधे. पुढे १९५१ मधे केनेथ ॲरो या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्याय असले, की पसंतीक्रमावरून सामूहिक निर्णय काढणारी कुठलीच रीत रास्त वाटणाऱ्या सगळ्या अटी एकदम पाळू शकत नाही. म्हणजे निर्दोष पद्धत शोधत बसण्यात अर्थ नाही.

मग मी उलटीकडून बघायला लागलो: कुठली पद्धत कशाच्या धास्तीनं जन्मली? बेंजामिन फ्रँकलिनचा शास्त्रज्ञ मित्र प्रीस्टली नोकरीच्या पेचात होता, त्याला फ्रँकलिननं १७७२ मधे पत्र लिहिलं. कागदाच्या मधोमध रेघ मार, बाजूनं आणि विरोधात जे सुचेल ते तीन-चार दिवस लिहीत रहा, तोलाची कारणं समोरासमोर काट. फ्रँकलिनची धास्ती अशी की सगळी कारणं एका वेळी डोक्यात रहात नाहीत. हे एकट्या माणसाचं औषध आहे, ३२ घरांना लागू पडेल असं वाटत नाही. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेत डेल्फी पद्धत निघाली. तज्ज्ञांची मतं नाव न सांगता मागवायची, गोषवारा सगळ्यांना दाखवायचा, पुन्हा मतं मागवायची. तिथली धास्ती मोठ्या आवाजाच्या माणसाची. (आमचे सर डोळ्यांपुढे आलेच.) थॉमस साटी या गणितज्ञाची पद्धत १९७० च्या दशकातली. खर्च, सुरक्षा, टिकाऊपणा असे निकष दोन-दोन समोर ठेवून १ ते ९ अंकांत तोलायचे. नेदरलँड्समधे एंडेनबर्ग नावाच्या उद्योजकानं आपल्या कंपनीत रुजवलेली रीत 'आवडतं का' असं विचारतच नाही. 'याला तुमचा सकारण आक्षेप आहे का' एवढंच विचारते, म्हणजे अल्पमतातला माणूस चिरडला जात नाही. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा बहुमतावर नाही, सर्वसहमतीवर चालते.

माझं आजोळ बागलाणातलं, मोसम नदीकाठचं. तिथे पाणी वाटून घ्यायची फड पद्धत होती. बंधाऱ्याखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली, एका फडात एकच पीक, कुठल्या फडात ऊस आणि कुठल्यात हंगामी पीक ते आळीपाळीनं ठरायचं. जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या, म्हणून पाणी कमी पडलं तर झळ थोडी थोडी सगळ्यांना. आजोबांना मतदान म्हटलं की सरपंचाची निवडणूक आठवायची. पाण्यासाठी मतं घ्यायची असतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तर प्रश्न असे. एक, निकाल हातात असताना पद्धत बदलली तर तो रडीचा डाव ठरेल का? दोन, इतक्या कमी घरांत सर्वसहमतीचा प्रयत्न कुणी केलाय का? भांडलो तरी दुसऱ्या दिवशी एकाच लिफ्टमधे उभं रहायचंय. ती चालू असली तर. सध्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकते आणि दाराला थाप मारल्याशिवाय हलत नाही.

– पार्किंगवाला सेक्रेटरी

---

गोदाकाठी: फॉर्मचे आकडे ग्रुपवर टाकलेत का? टाकले असतील तर गुणांची पद्धत विसरा. लिफ्टवाल्या त्या ७ घरांनी चलाखी करून वॉटरप्रूफिंग तिसऱ्या नंबरला ढकललं तर वॉटरप्रूफिंग २३ वर येतं, सोलर ३५ वर जातं आणि लिफ्ट २९ वरच. दुसऱ्याला पाडायला जातील आणि तिसऱ्यालाच निवडून देतील.

हिशेबनीस: पद्धत कुठलीही वापरा, शेवटी सर्वसाधारण सभेत सूचक, अनुमोदक आणि ठराव इतिवृत्तात हवाच. एकमेकांचं ऐकून घेण्यासाठी सहमती, कागदासाठी बहुमत. आमच्याकडे पाण्याच्या टाकीचं असंच मिटवलं. तीन सभा गेल्या, पण नंतर कुणी तक्रार अर्ज केला नाही.

दिंडोरीकर: तुम्ही फड काढलात म्हणून सांगतो. आमच्या वाघाड धरणावर नव्वदीच्या सुरुवातीला पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पुढाकार ओझरकडच्या, कालव्याच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्यांचा, कारण पाणी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मग पाणी घनमापनानं, म्हणजे किती घनमीटर आलं ते मोजून घ्यायला लागले. 'त्याला जास्त, मला कमी' हा वाद मोजपट्टी आली की निम्मा होतो. तुमच्याकडे मोजलंय काय? लिफ्ट मधेच अडकते म्हणताय. ती धोकादायक असेल तर तो आवडीनिवडीचा विषयच नाही, त्यावर कसलं मतदान? आधी तपासणी करून लेखी घ्या. गच्चीचंही तसंच, पाणी नक्की कुठून मुरतंय ते बघा. सगळी गच्ची उखडायची गरजही नसेल.

तिसरामजला: सोलरला पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ते धरून कोटेशन घेतलंत का? रक्कम बदलली की पसंतीही बदलते.

नर्मविनोदी: सर फॉर्म भरतात का हो? 😀

पार्किंगवाला सेक्रेटरी (धागाकर्ता): सगळ्यांचे आभार.

गोदाकाठी, आकडे टाकले हो ग्रुपवर, फ्लॅट नंबरसकट. तिथेच चुकलो. सरांनी संध्याकाळी दारात गाठलं. "माझी दुसरी पसंती चव्हाट्यावर आणायचं कारण काय?" त्यांचं बरोबर होतं. (आणि हो, फॉर्म त्यांनीच सगळ्यांच्या आधी भरला होता. दुसरी पसंती वॉटरप्रूफिंग!)

दिंडोरीकर, तुमचं वाचल्यावर काल एका जाणत्या माणसाला घेऊन गच्चीवर गेलो. त्याच्या मते काकूंच्या खोलीवरचा पन्हाळीजवळचा कोपराच फुटलाय, बाकी गच्चीला दोन-तीन वर्षं काही होत नाही. तेवढ्याच कामाचं कोटेशन देणार आहे. लिफ्टच्या तपासणीला माणूस बुधवारी येतोय. तिसरामजला, सोलरचं कोटेशन अनुदान वजा करून पुन्हा मागवलंय.

तिन्ही कागद आले की नव्यानं चिठ्ठ्या घेणार, नाव न लिहिता, डब्यात. त्याआधी सभेत प्रत्येक घराला एकच प्रश्न: यातलं कुठलं काम यंदा झालं नाही तर तुम्हाला चालणारच नाही, आणि का? काकूंनी पहिलं बोलावं आणि सरांनी शेवटी, असं ठरवलंय. हे सरांना कसं सांगायचं, तेवढं कुणीतरी सुचवा.