मदत हवी आहे: रणगाड्याच्या स्कर्टचे ब्रॅकेट सोल्डरने टिकत नाहीयेत

खटपट्या
मंडळी जरा लवकर मदत करा, डोकं फिरायची वेळ आलीय. रिमोटच्या रणगाड्याचे डिटेल्स धातूत स्वतः बनवतोय, किटमधले प्लास्टिकचे फारच बोजड होते म्हणून काढून टाकले. स्कर्ट म्हणजे बाजूला टांगायच्या संरक्षक प्लेटा, त्या अडकवायला बाजूच्या पट्टीवर ओळीने ब्रॅकेट बसवायचेत, एक सोल्डर करून शेजारचा करायला घेतला की पहिला सुटून पडतो. आणि प्लेटच्या मागचे हुक तर धरतच नाहीत, सोल्डरचा गोळा होऊन पाऱ्यासारखा घरंगळतो. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो) लावलाय, सोल्डरिंग गन नवीन आहे, सगळं पुसून घेतलंय. काय करू ते सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, सगळ्या बघून झाल्यात.

पत्रेवाला
कुठला रणगाडा, स्केल काय, पट्टी कशाची, प्लेट कशाची, गन किती वॉटची?

निव्वळ_वाचक
फोटो टाका की राव.

त्रिमिती
एवढा व्याप कशाला? रेझिन प्रिंटरवर सगळे ब्रॅकेट एका रात्रीत निघतात, एकसारखे. सोल्डरिंगचे दिवस गेले आता.

खटपट्या
प्लास्टिक काढून टाकलं म्हणून वर लिहिलंय ना, परत तेच लावू का? जर्मन पँझर फोर आहे, आउसफ एच (म्हणजे एच आवृत्ती), स्केल एकास सोळा. पट्टी आणि ब्रॅकेट पितळेचे. गन साधीच, २५ वॉट.

पत्रेवाला
आणि प्लेट?

खटपट्या
पत्र्याची.

पत्रेवाला
अहो पण कुठल्या पत्र्याची? चुंबक चिकटतो का?

खटपट्या
नाही चिकटत. छापखान्यातल्या ऑफसेटच्या जुन्या प्लेटा मिळाल्यात, कात्रीने मस्त कापल्या जातात. त्याचा काय संबंध?

पत्रेवाला
तिथेच तर सगळं आहे. ऑफसेटची प्लेट ॲल्युमिनियमची, वरून ॲनोडाइज केलेली. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, खरवडला तरी लगेच परत धरतो, त्यावर आपलं नेहमीचं सोल्डर जन्मात बसणार नाही, कितीही फ्लक्स ओता. पण प्लेटा टाकू नका. खऱ्या गाडीच्या बाजूच्या प्लेटा ५ मिमीच्या होत्या, भागिले १६ म्हणजे ०.३१, आणि ऑफसेटची प्लेट बऱ्याचदा ०.३ च असते, म्हणजे जाडी नेमकी आलीय. टरेटभोवतीच्या (तोफेच्या फिरत्या घुमटाभोवतीच्या) ८ मिमीच्या, तिथे ०.५ चा पत्रा लागेल. हुक पितळेचेच ठेवा, पायाला छोटी पट्टी वळवा, मागून पॉलिश पेपरने खरबरीत करा आणि दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवा. शक्य असेल तर आरपार भोक पाडून बारीक रिव्हेट मारा, नुसतं इपॉक्सी एखाद्या धक्क्याला सुटतं.

डाखवाले_काका
इपॉक्सी वगैरे सब झूट. सगळं पितळेत करा आणि चांदीचा डाख द्या. तो ६०० अंशांच्या वर वितळतो, एकदा बसला की शेजारी साध्या सोल्डरने काहीही करा, हलत नाही. मी सगळं तसंच करतो.

पत्रेवाला
काका, ०.३ च्या पितळेवर गॅसचा टॉर्च? पितळच ९०० च्या आसपास वितळतं, हात जरा रेंगाळला की पत्र्याला भोक. आणि नाही वितळला तरी एवढ्या उष्णतेने पितळ मऊ पडतं, मग सरळ पट्टी केळीसारखी वाकते.

डाखवाले_काका
हात रेंगाळतो तो शिकाऊ माणसाचा.

पत्रेवाला
धागा शिकाऊ माणसाचाच आहे.

खटपट्या
अहो भांडू नका, पहिल्या प्रश्नाचं काय? ब्रॅकेट सुटतात त्याचं?

कानसकाम
२५ वॉट कमी पडतायत. उलट वाटेल, पण छोट्या गनने जास्त सुटतात, कारण पट्टी सगळी उष्णता ओढून घेते, तुम्ही गन धरून बसता, तोवर अख्खी पट्टी तापते आणि शेजारचा सांधा पाघळतो. ६० ते ८० वॉटची गन, जाड छिन्नीसारखं टोक, टेकवलं की दोन सेकंदांत काम आणि लगेच बाजूला. टोकाला आधी सोल्डरचा पातळ थर देऊन ठेवा, काळं पडलेलं टोक काही कामाचं नाही. झालेल्या ब्रॅकेटवर ओल्या कापडाची चिंधी किंवा धातूचा क्लिप लावा, तो उष्णता खातो.

आणि मुख्य म्हणजे ब्रॅकेट नुसता टेकवून सोल्डर करू नका. पट्टीत ०.५ चं भोक पाडा, ब्रॅकेटला तेवढ्याच तारेची शेपटी ठेवा, भोकात घालून मागून थोडी वाकवा. मग सोल्डर पातळ झालं तरी तो जागचा हलत नाही. लाकडाच्या फळीवर टाचण्या ठोकून साचा केलात तर अंतरंही एकसारखी येतात.

दोन सोल्डरचीही युक्ती आहे. आधी शिसं नसलेलं कथील-तांब्याचं, ते २२७ ला वितळतं, नंतर ६३-३७ चं (कथील-शिशाचं), ते १८३ ला, म्हणजे दुसरं लावताना पहिलं वितळत नाही. फक्त त्यासाठी तापमान सेट करता येणारी गन हवी, नाहीतर उपयोग शून्य.

त्रिमिती
एवढ्या वेळात माझे प्रिंट होऊन रंगले पण असते.

कानसकाम
आणि पहिल्या खुर्चीच्या पायाला आपटून तुटलेही असते.

इतिहासजमा
अवांतर, पण लोकांचा समज असतो की हे स्कर्ट बझूकापासून (खांद्यावरून डागायच्या रॉकेटपासून) वाचायला होते. मुळात ते रशियन १४.५ मिमीच्या रणगाडाविरोधी रायफलींपासून वाचायला आणले. आणि तुमची गाडी १९४३ ची असेल तर मूळ रंग गडद पिवळा धरा, फेब्रुवारी १९४३ पासून तोच आला, करडा नको.

खटपट्या
रंग कोणी विचारला होता?

वायरलेस
धातूचं काम वाढवताय तर रिसीव्हरची ॲन्टेना कुठे आहे ते बघा. २.४ गिगाहर्ट्झ धातूच्या डब्यात कोंडलं की रेंज मरते. ॲन्टेनाचं टोक प्लास्टिकच्या डेकजवळ आणा. आणि सोल्डरला ॲसिडचा फ्लक्स वापरत असाल तर सर्किटच्या वायरींना तो अजिबात नको, गंज चढतो. पितळेवरचाही काम झालं की साबणाच्या कोमट पाण्याने ब्रशने धुवा, नाहीतर रंगाखालून हिरवं फुटेल.

खटपट्या
ॲन्टेना डेकखालीच आहे, ते ठीक. भोक पाडून शेपटीवाला प्रकार ६० वॉटने केला, एका बाजूचे सगळे ब्रॅकेट बसले, ओढून बघितले, घट्ट आहेत. हुकांना इपॉक्सी लावून रात्रभर ठेवतोय. आता पुढचं सांगा. प्लेटा नुसत्या हुकावर अडकवल्यात, गाडी उंचवट्यावरून गेली की एखादी निसटून पडतेच.

इतिहासजमा
खऱ्याच्याही पडायच्या. जुन्या फोटोत बघा, अर्ध्या गाड्यांच्या मधल्या प्लेटा गायब असतात.

कानसकाम
पडू द्यायच्या नसतील तर खालच्या ब्रॅकेटमध्ये १ मिमीचा स्क्रू घ्या, आतल्या बाजूने, बाहेरून दिसत नाही. प्रत्येक प्लेटला एक पुरे.

डाखवाले_काका
चांदीचा डाख दिला असता तर स्क्रू लागलाच नसता.

पत्रेवाला
काका, प्लेट ॲल्युमिनियमची आहे.