विचार जुळतात म्हणून कोल्हापूरला राहायला जावं का?

कात्रजवाला
आम्ही दोघं पुण्यात. मुलगा बंगळूरला शिकायला गेला, माझं काम घरूनच चालतं, बायकोनं शाळेतून लवकर निवृत्ती घेतली. कुठं राहायचं हे आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या हातात आहे. सोसायटीच्या ग्रुपला मात्र जीव विटलाय. मागच्या महिन्यात एका मुस्लिम कुटुंबाला फ्लॅट भाड्यानं द्यायचा की नाही, यावर रात्री दीडपर्यंत मेसेज पडत होते. 'द्यावा' म्हणणारा मी एकटा. सकाळी लिफ्टमध्ये 'नको'वाल्यांपैकीच एकानं हसून विचारलं, "काय साहेब, झोप झाली का?"

डोक्यात कोल्हापूर आहे. 26 जुलै 1902 ला मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवणारं संस्थान. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून देऊन शाहू महाराज स्वतः तिथं चहा प्यायले, ते हे गाव. बाबासाहेबांची 1920 ची माणगाव परिषद याच भागातली. अगदी 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं. बायको म्हणते, "ही गावाशी पत्रिका जुळवणं झालं." तिचं बरोबर आहे का?

सकाळचा_फेरफटका
वहिनींचं बरोबर आहे. तुम्ही वाचलेलं कोल्हापूर बहुतेक 1922 ला, शाहू महाराजांबरोबर संपतं. पुढचं मी सांगतो. 16 फेब्रुवारी 2015, सकाळी फिरून घरी येताना कम्युनिस्ट नेते कॉ. गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या. 20 तारखेला पानसरे गेले. मी त्याच भागात राहतो. बरेच दिवस आम्ही फिरायला निघालो की मागून मोटारसायकलचा आवाज आला तरी मान वळायची. 7 जून 2023 ला मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. 14 जुलै 2024 ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं फोडली, मशिदीची नासधूस केली. पुण्यातला मेसेजचा ग्रुप सोडून तुम्ही इथं येताय, हे जरा लक्षात असू द्या.

तालमीचं_पोरगं
काका, तुमी विचार बघून यायलाय आणि आमी इथं गट बघून मत देतोय! 😄 दूध संघ कुणाचा, कारखाना कुणाचा, पतसंस्थेत कोण बसलाय, आपल्या तालमीला कुणी मदत केली, ह्यावर ठरतं. आघाड्या तर रातीत बदलतात. 2024 च बघा. लोकसभेला त्याच राजघराण्यातले शाहू छत्रपती काँग्रेसकडनं निवडून आले, सगळा महाराष्ट्र म्हणाला 'पुरोगामी कोल्हापूर'. सहा महिन्यांत विधानसभेला जिल्ह्यातल्या दहापैकी एक जागा सुदीक महाविकास आघाडीला न्हाई. माणसं तीच, गल्ल्या त्याच. आता तुमी ठरवा, कुठल्या कोल्हापुरात राहायला येणार, मे महिन्यातल्या का नोव्हेंबरातल्या?

डॅलसहून
माझं वीस वर्षं अमेरिकेत गेलं, तिथं हे खरोखर चालतं. लोक राजकारण बघून कॅलिफोर्नियातून टेक्सासला येतात, काही उलटे जातात. पण तिथं राज्य बदललं की कायदाही बदलतो: बंदुका, कर, शाळा. जून 2022 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर गर्भपाताचा कायदाही राज्यागणिक वेगळा झाला. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन तुमचा कोणता कायदा बदलणार? विधानसभा तीच, पोलीस खातं तेच. बदलेल तो फक्त शेजार.

हातकणंगले_ते_शाहूपुरी
'फक्त शेजार' हे लिहायला डॅलस लागतं.

माझे आजोबा हातकणंगले तालुक्यातून कोल्हापुरात आले ते कामासाठी, असं घरात सांगायचे. खरं कारण आजी सांगायची. गावात आडाची पायरी कुणी कुठवर उतरायची हे ठरलेलं होतं. शहरात नळ आला की पायरी संपते. बाबासाहेब आम्हाला खेडी सोडा म्हणाले, ते काही हवापालटासाठी नव्हे. त्यामुळे 'विचार जुळणारं गाव शोधणं म्हणजे चैन' असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. ज्याला आडनाव कधी कुणी विचारलं नाही त्याला ती चैन वाटणार. आम्ही तीन पिढ्या तेच करतोय, फक्त त्याला स्थलांतर म्हणतात आणि तुमच्याला निर्णय.

कात्रजवाले, या. पण शाहू महाराजांमुळे गाव तयार आहे, अशा समजुतीनं येऊ नका. याच गावानं खुद्द राजाला वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करून घ्यायचा अधिकार, नाकारलं होतं. 1901 पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वेगवेगळी बोर्डिंगं निघाली, कारण एका छपराखाली सगळ्यांना ठेवणं तेव्हा जमणारं नव्हतं. दसरा चौकात उभं राहून बघा, पुतळ्याभोवती ती अजून आहेत. त्या माणसानं गाव निवडलं नव्हतं, कागलहून दत्तक आले होते.

अंबाबाईचा_भक्त
मी हिंदुत्वाला मत देतो आणि 26 जूनला शाहू जयंतीच्या मिरवणुकीतही असतो. कुणी मला अडवलेलं नाही. गजापूर झालं ते चूकच, माझ्या ग्रुपवर मी ते लिहिलंही. पण तुम्ही पुण्यातून 'आमच्या विचाराचं' गाव धुंडाळत येता, तेव्हा माझ्यासारख्याला त्यातून वजा करूनच येता ना? सोसायटीनं त्या मुस्लिम कुटुंबाला वजा केलं, तुम्ही मला. मग माझ्या शेजारचा फ्लॅट रिकामा असेल तर घेणार का?

कात्रजवाला
@अंबाबाईचा_भक्त, प्रश्न टोचला. पण दोन्ही वजाबाक्या सारख्या नाहीत. तुम्हाला घर कुणी नाकारत नाही. तुमच्या शेजारी मी राहीन, तुम्ही माझ्या भाडेकराराचा कागद फाडणार नसाल तर.

अंबाबाईचा_भक्त
कागद मी कशाला फाडू, माझं काय घर भाड्यानं आहे काय.

रंकाळा_साडेसहा
मी सांगतो आता. (पुण्याच्या लोकांनी दचकू नये, इथल्या बायका 'मी जातो, मी येतो'च म्हणतात.) माझी मैत्रीण अशीच मुंबई सोडून 'शांत, सुधारक' गाव म्हणून इथं आली. वर्षभरात परत गेली. मतं जुळली होती, पण रात्री दहाला एकटी घरी यायला लागली की खालच्या मजल्यावरनं पडदा हलायचा. घर घ्यायच्या आधी शेजारच्या बाईच्या हातचा चहा पिऊन या. विचार त्या पडद्यामागं असतोय, पुतळ्यात न्हाई.

आणि निघून येण्याचंही सांगतो. तुमच्या सोसायटीत 'द्यावा' म्हणणारा एकच होता म्हणताय. तो पण इथं आला की तिथं किती राहिले?

हातकणंगले_ते_शाहूपुरी
@रंकाळा, हा हिशेब नेहमी जाणाऱ्यालाच का मागायचा? रात्री दीडपर्यंत 'नको' लिहिणाऱ्यांना कुणी विचारलं का, तुम्ही इथं का राहता?

कात्रजवाला
शनिवार-रविवार जाऊन आलो. तीन घरं पाहिली. पहिल्याच ठिकाणी एजंटनं नाव विचारलं, मग जरा थांबून, "आडनावावरनं कळंना झालंय साहेब, म्हणजे तुमी कुठले?" मी म्हटलं, पुण्याचा. "न्हाई, तसं न्हवं..." बायकोनं माझ्याकडं बघितलं. शाहूंच्या गावात पोचून पुरता तास झाला नव्हता.

तिसऱ्या घराचे मालक निवृत्त एसटी कंडक्टर. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: पाणी सकाळी येतं, उठणार का, आणि मटणाचा रस्सा तिखट चालतो का. खाली एका बाकड्यावर चौघं वर्तमानपत्र वाटून वाचत होते, एकमेकांना अक्षरशः शिव्या घालत होते राजकारणावरून, आणि चहाचे पैसे तिसराच देत होता. बायको म्हणाली, "ग्रुपवर असं भांडण एकदाही झालं नाही." कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो हे त्या बाकड्यावरच्यांनी आवर्जून सांगितलं, आणि त्यातल्याच एकानं 2023 च्या दगडफेकीचं समर्थनही केलं. एकाच माणसानं. त्याचं काय करायचं मला अजून कळलेलं नाही.

पुण्याचं घर विकत नाही. ते त्याच कुटुंबाला भाड्यानं द्यायचं म्हणतोय, सोसायटीला आधी न विचारता. इथं अकरा महिन्यांचा करार करतोय.

सकाळचा_फेरफटका
पुण्यातल्या फ्लॅटचं ऐकून बरं वाटलं. सोसायटीची नोटीस येईल, तयारीत राहा.

तालमीचं_पोरगं
काका, ते तिसरं घर कुठल्या बाजूला हाय? नदीकडं असलं तर सही करायच्या आधी 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठवर आलतं ते विचारा. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. मालक सांगणार न्हाई, समोरच्या किराणावाल्याला विचारा, त्याच्या भिंतीवर रेघ दिसंल.