पायथन ३.९ वर बसलेले सगळे आळशीच काय?

काटापट्टी:
काल इथंच एका भावानं लिहिलं, "पायथन ३.९ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. अजून ३.८-३.९ वर बसलेले आळशी आहेत, पाच वर्षं मिळाली होती." आमच्या कापसाच्या जिनिंगातल्या वजनकाट्याचा प्रोग्राम याच पायथन भाषेवर चालते. कोणाले मिळाली पाच वर्षं? विंडोजवाल्याले तर नाही. ३.९ आलं ऑक्टोबर २०२० मध्ये. त्याचा शेवटचा तयार इन्स्टॉलर ३.९.१३, मे २०२२ चा. त्यापुढच्या सुरक्षा-दुरुस्त्या फक्त सोर्समध्ये, म्हणजे कच्च्या कोडात, तो आपणच कंपाइल करून चालता करायचा. जिनिंगच्या काट्यावरचा दिवाणजी आता सोर्स कंपाइल करीन काय? अन नवं व्हर्जन दरवर्षी ऑक्टोबरातच, ऐन कापूस यायच्या वक्ताले. गेटावर गाड्यांची लाइन लागली असताना काट्याच्या पीसीले हात लावून दाखवा.

नवं_व्हर्जन:
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. ऑक्टोबरात चढवा असं कोण म्हणतं? जून-जुलैत जिनिंग बंद असते, तोवर चार-पाच दुरुस्त्याही येऊन गेलेल्या असतात. शिवाय ३.१३ पासून इन्स्टॉलरसकट पूर्ण सपोर्ट दीडऐवजी दोन वर्षं केलाय. तुमच्या ३.९ मधल्या ओपनएसएसएल १.१.१ चा (नेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या भागाचा) स्वतःचाच सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. त्याच पीसीवरून ई-वे बिल भरता ना?

काटापट्टी:
ते हापिसातल्या पीसीवर, ब्राउझरमधून. काट्याच्या पीसीले नेटची वायरच नाही. त्यात विंडोज ७ आहे, त्यावर ३.८ च्या पुढचं चढतच नाही. म्हणजे पायथनसाठी आधी विंडोज बदला.

संत्राबाग:
जावावाल्यांचं बरं आहे. व्हर्जन १७, २१, २५, दर दोन वर्षांनी एक लांब सपोर्टवालं धरायचं अन मधले सोडून द्यायचे.

झाडीपट्टी:
विंडोज बदललं का कन्व्हर्टर मरते, हे कोणी सांगून नाही राहिलं. काट्याचं वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरची सिरियल वायर यूएसबीत नेणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जुनी पीएल-२३०३ चिप असली, तर विंडोज ८ पासून पुढे 'कोड १०' ही एरर येते. एफटीडीआय चिपवालं घ्या. यूएसबीचं भोक बदललं का पोर्टचा नंबर कॉम ३ चा कॉम ५ होते, तो नंबर डिव्हाइस मॅनेजरात पक्का करा.

संत्राबाग:
पॅरिटी विसरले तुम्ही, म्हणजे अक्षर बरोबर आलं का ते तपासायचा जादा बिट. इंडिकेटर सात बिट-इव्हन (सम पॅरिटी) पाठवते अन प्रोग्राम आठ बिट-नन (पॅरिटीच नाही) वाचते, तर ०, ३, ५, ६, ९ बरोबर येतात, १, २, ४, ७, ८ चा कचरा होते. मग डिकोड करताना एरर येते म्हणून कोणीतरी तिथं 'इग्नोर' (वाचता न आलेलं अक्षर गुपचूप गाळा) टाकून देते. १२३५० किलोची गाडी पावतीवर ३५० किलो! शेतकरी काट्यावर चढून बसन, अन शिव्या पायथनले.

झाडीपट्टी:
'इग्नोर' टाकणाऱ्याले तर काट्यावरच उभं केलं पाहिजे.

नवं_व्हर्जन:
धागा व्हर्जनचा होता, वायरींचा नाही.

काटापट्टी:
वायर नाही तर वजन नाही बापा. कॅलेंडर पाहून काटा चालत नसते.

नवं_व्हर्जन:
ठीक आहे, नेट नसलेल्या पीसीवरचं ३.८ तुम्हाला माफ. मोठी मेहेरबानी समजा. पण पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात हार्डडिस्क गेली तर? आजच पेन ड्राइव्हवर ३.८.१० चा इन्स्टॉलर घ्या, ३.८ चा विंडोजसाठीचा शेवटचा तोच. 'पिप डाउनलोड' या पायथनच्या कमांडनं प्रोग्रामला लागणारी सगळी पॅकेजं एका फोल्डरात उतरवा, तेही ३.८ मधूनच आणि त्याच ३२ किंवा ६४ बिटच्या. नाहीतर नम्पाय (आकडेमोडीचं पॅकेज) चढणार नाही, ३.८ साठी १.२४.४ हे शेवटचं. चढवताना 'नो-इंडेक्स' (नेटवर शोधू नको) देऊन त्या फोल्डरचा रस्ता दाखवा.

काटापट्टी:
पेन ड्राइव्हचं बरोबर आहे. आता तो 'आळशी' खोडा.

नवं_व्हर्जन:
खोडतो. 'हट्टी' लिहू?

काटापट्टी:
लिहा. पण काट्याले नम्पाय कायले लागते? सिरियल वायर वाचणारं पायसिरियल पुरे. ते सगळं पायथनमध्येच लिहिलेलं आहे, त्याले बत्तीस-चौसष्टचं झंझटच नाही.