तुतनखामुनचा कर्णा वाजला खरा, पण सूर कुणाचा?

खुंटीपिळ्या: थडग्यांतल्या वाद्यांच्या प्रतिकृती करून ‘प्राचीन इजिप्तचं संगीत’ म्हणून जे ऐकवतात, त्याला माझा आक्षेप आहे. फारोंच्या, म्हणजे तिथल्या प्राचीन राजांच्या, काळातली वाचता येईल अशी एकही स्वरलिपी हाती नाही. हार्प, जोडपावा, देवळात खुळखुळणारं सिस्ट्रम, सगळं हुबेहूब घडवा. चाल मात्र आजच्या वादकाच्या डोक्यातलीच. १९३९ साली बीबीसीने कैरोहून फारो तुतनखामुनच्या थडग्यातले अस्सल कर्णे ऐकवले. वाजवणारा जेम्स टॅपर्न ब्रिटिश लष्करी बँडचा, आणि त्याने आजची मुखनळी बसवली होती. ऐकू आलं ते तुतनखामुनचं की छावणीतलं बिगूल?

रेवाकाठ: तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. ती मुखनळी काढली की कर्ण्यातून मोजकेच स्वर निघतात. म्हणजे तो गाणं वाजवायला नव्हे, इशारा द्यायला असावा. हे चित्रात बघून कळलं असतं? आणि तीन हजारांहून जास्त वर्षांची वस्तू रोज ओठाला कोण लावू देईल? प्रतिकृती हवीच.

मिरजकर: मामांकडे तंबोरे जुळवताना बघितलंय. एकाच भोपळ्याच्या जातीचे, एकाच कारागिराचे दोन तंबोरे. तारा टेकतात त्या घोडीवरचा दोरा तांदळाच्या दाण्याइतका सरकला की एक गुणगुणतो, दुसरा मुका. मापं घेऊन जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजारव, येत नाही हो.

रेवाकाठ: मान्य. पण हार्मोसे नावाच्या गायकाची वीणेसारखी ल्यूट थीब्ज या प्राचीन इजिप्शियन शहरात त्याच्या शवपेटीजवळ मिळाली. तीन तारा शाबूत, दोरीने बांधलेली नखीसुद्धा. अजून काय पाहिजे?

खुंटीपिळ्या: तारा आहेत, ताण नाही. खुंट्याही नाहीत त्या ल्यूटला, तारा दांड्याला नुसत्या गुंडाळलेल्या. किती पिळायच्या ते हार्मोसेच जाणे. बनवा, वाजवा, तिथे माझं भांडण नाही. ‘प्रयोग’ म्हणा, ‘तुतनखामुनच्या दरबारातलं संगीत’ म्हणू नका. उद्या समुद्रगुप्ताच्या नाण्यावरची धनुष्यासारखी वीणा घडवून कुणी ‘गुप्तकालीन मैफल’ लावली, तर तुम्हाला चालेल?

रेवाकाठ: तिकीट काढेन की! पहिल्या रांगेतलं.

मिरजकर: मीही. पाटी वाचून कुरकुरेन, पण मध्यंतरात जवारी बघायला मंचावर चढेन.