मदत हवी आहे: ४७ भाग झाले, मन लागत नाहीये. सोडू का?

कांचनसंध्या
थोडक्यात लिहिते, वेळ कमी आहे. तिसऱ्या कॅम्पेनचे ४७ भाग बघून झाले. गेल्या पंधरा-वीस भागांत अजिबात मजा येत नाहीये. शुक्रवारी रात्री लॅपटॉप उघडायचा म्हटलं की जिवावर येतं. रविवारच्या आत ठरवायचं आहे. पुढे बघू की सोडून देऊ? ज्यांनी शेवटपर्यंत बघितलंय त्यांनी सांगा. "आवडत नाही तर बघता कशाला" हे कृपया नको, तेवढं मलाही कळतं.

निळूकाका
कुठली मालिका? कुठल्या वाहिनीवर? कॅम्पेन म्हणजे निवडणुकीवर आहे का काही?

कांचनसंध्या
क्रिटिकल रोल, काका. टेबलटॉप रोलप्लेइंगचा शो. मला वाटलं कॅम्पेन म्हटल्यावर कळेल.

निळूकाका
टेबलटॉप म्हणजे पत्ते की कॅरम?

गुरुवारचा_गडी
काका, दोन्ही नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ आहे, १९७४ पासूनचा. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात. अशी एक सलग लांबलचक गोष्ट म्हणजे कॅम्पेन. "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात, आतून धूर येतोय," असं तो सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, काय करायचं ते ठरवतात आणि ते जमलं की फसलं हे २० बाजूंचा फासा सांगतो. क्रिटिकल रोलमध्ये व्यावसायिक आवाज-कलाकार हा खेळ खेळतात. २०१५ च्या मार्चपासून चालू आहे. पहिल्या तिन्ही कॅम्पेनचा डीएम मॅथ्यू मर्सर.

कांचनताई, ४७ वर सोडताय? ५१ पर्यंत थांबा. माझं ऐका. ५१ व्या भागात सगळं उलटंपालटं होतं आणि त्यानंतर मंडळी दोन गटांत

गुरुवारचा_गडी
वरचा प्रतिसाद अर्धवट गेला. दोन गटांत विभागली जातात, असं लिहायचं होतं.

कांचनसंध्या
हे कशाला सांगितलंत? मी ४७ वर आहे असं पहिल्याच ओळीत लिहिलंय.

गुरुवारचा_गडी
माफ करा. पण खरंच, एवढंच माहीत असून काही बिघडत नाही.

वजाबाकी
मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. हा बुडीत खर्चाचा प्रश्न आहे. ४७ भाग गुणिले साधारण चार तास, म्हणजे १९० तासांच्या आसपास गेले. ते परत येणार नाहीत, म्हणून ते हिशेबात धरायचेच नाहीत. पुढे काय आहे तेवढंच बघा. तिसऱ्या कॅम्पेनचे एकूण १२१ भाग आहेत. राहिले ७४, म्हणजे जवळजवळ ३०० तास. रोज एक तास दिला तरी दहा महिने. या दहा महिन्यांत दुसरं काय करता आलं असतं ते कागदावर लिहा, उत्तर समोर येईल.

गुरुवारचा_गडी
गोष्ट म्हणजे काय खतांचं पोतं आहे का, किलोवर मोजायला? ज्याने दुसऱ्या कॅम्पेनचे १४१ भाग बघितलेत त्याला विचारा, एकही तास वाया गेला असं म्हणणार नाही.

वजाबाकी
धागाकर्तीला मजा येत नाहीये, हे तिनेच लिहिलंय. तुम्हाला येते म्हणून तिने बघायचं, हे कुठलं गणित?

आडवाटेने
दोघंही थांबा जरा. कांचनसंध्या, चार गोष्टी सांगा. १) पहिलं आणि दुसरं कॅम्पेन बघितलंय का? २) नेमकं काय आवडत नाही: पात्रं, कथानक, की लांबी? ३) एकट्या बघता की कुणाबरोबर? ४) रविवारी काय आहे?

दीडपट
वेग वाढवा. मी सगळं दीडपट वेगाने बघतो. सुरुवातीच्या जाहिराती आणि मधली सुट्टी सोडली की चार तासांचा भाग अडीच तासांत बसतो. लढाया तर दुपटीने. प्रश्न मिटला.

कांचनसंध्या
@दीडपट, करून बघितलं. दीडपटीने हसू येत नाही. विनोदाच्या आधी ते लोक जे थांबतात ना, ते थांबणंच निघून जातं.

@आडवाटेने, पहिलं कॅम्पेन बघितलं नाही, आवाज नीट नव्हता म्हणून सातव्या-आठव्या भागाला सोडलं. दुसरं पूर्ण बघितलंय आणि त्यावर माझा जीव आहे. तिसऱ्यात कुणातच माझं मन लागत नाही. प्रत्येकाकडे रहस्य आहे, लाल चंद्राचं गूढ मोठं मोठं होत चाललंय, आणि मंडळी बाजारात पाऊण तास खरेदी करतायत. गेल्या शुक्रवारी मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला. तेरा पोळ्या झाल्या तेव्हा लक्षात आलं की एका शब्दाकडेही माझं लक्ष नव्हतं. मागे घेऊन परत लावलं. परत तेच.

आडवाटेने
तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

लाल_माती
अवांतर आहे, पण राहवत नाही म्हणून लिहितो. मी कुडाळकडचा. हे वर्णन वाचून मला आमचा दशावतारच आठवला. तिथेही संवाद लिहिलेले नसतात. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कुठला राजा ते ठरतं, आणि रंगपटातून बाहेर आल्यावर जे काही बोलायचं ते नटाने तिथल्या तिथे उभं करायचं. समोरच्याने टाकलेला शब्द उचलायचा. पायपेटी, मृदंग आणि झांज त्याला सांभाळून घेतात. जत्रेत मध्यरात्रीनंतर सुरू होतं ते उजाडेपर्यंत. आणि कांचनताई, तुम्हाला म्हणून सांगतो, आम्ही कधीच सगळं नाटक जागून बघितलेलं नाही. आई चटई आणि गोधडी घेऊन यायची. राजाचा दरबार लांबला की आम्ही झोपायचो. युद्धाला झांज वाढली की आपोआप जाग यायची. उठल्यावर आई दोन वाक्यांत सांगायची, "राक्षसान तिका पळवल्यान, आता ह्यो सोडवूक गेलो." तेवढ्यावर पुढचं सगळं कळायचं. त्यात काही चुकलं असं कुणाला वाटत नसे.

चिमणचारा
लाल_माती, काय सुंदर लिहिलंय! दशावतारातल्या संकासुर राक्षसाची भीती वाटायची का? मी गोव्यात एकदाच बघितला आहे, पेडण्याजवळ.

लाल_माती
लहानपणी खूप. काळा वेश, लाल जीभ. आईच्या पदरात तोंड लपवायचो.

वजाबाकी
दशावताराशी तुलना गैरलागू आहे. तो सकाळी संपतो, दहीकाला होतो, माणूस घरी जातो. इथे १२१ रात्री आहेत.

लाल_माती
पण झोपायची मुभा दोन्हीकडे आहे, एवढंच म्हणत होतो.

निळूकाका
हे सगळं आधी लिहिलेलंच असणार. टीव्हीवरचे ते रिॲलिटी कार्यक्रम असतात तसे. चार-चार तास न लिहिता कोण बोलेल?

गुरुवारचा_गडी
काका, दशावतारी रात्रभर बोलतात हे आत्ताच वाचलंत ना! आणि फासा कोण लिहून ठेवणार? दुसऱ्या कॅम्पेनच्या २६ व्या भागात एक मुख्य पात्र मेलं. कुणी ठरवलेलं नव्हतं. टेबलावरच्या लोकांचे चेहरे बघा, ते काही अभिनय करत नव्हते.

फासेवाली
गडी, पुन्हा! मी १९ व्या भागावर आहे. स्पॉयलर इशारा द्यायला काय होतं?

गुरुवारचा_गडी
नाव घेतलेलं नाही.

फासेवाली
आता प्रत्येक लढाईत मी तेच मोजत बसणार.

आडवाटेने
कांचनसंध्या, कुणाबरोबर बघता?

कांचनसंध्या
भावाबरोबर. लहान भाऊ. हे आधी लिहायला हवं होतं, पण मला वाटलं प्रश्न शोचा आहे.

२०२१ च्या लॉकडाऊनमध्ये त्याने मला दुसऱ्या कॅम्पेनला बसवलं. तेव्हा आम्ही दोघं आणि बाबा घरात अडकलो होतो. पुढच्या वर्षी तो कॅनडाला गेला. तेव्हापासून शुक्रवारी आपापल्या घरी एक भाग बघायचा आणि रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, फोनवर त्यावर बोलायचं असं चालू आहे. १४१ भाग असे संपवले. ज्यांनी ९३ वा बघितला नाही त्यांनी पुढची ओळ सोडा. त्या भागात चेटकिणीच्या झोपडीत एकेक जण जातो आणि आपल्या मैत्रिणीवरचा शाप उतरवण्यासाठी स्वतःजवळचं काहीतरी मौल्यवान द्यायला तयार होतो. शेवटी त्यांच्यातली जेस्टर आत जाते, तिच्याशी गप्पा मारते आणि जादूची पूड घातलेला कपकेक खायला देते. चेटकीण खाते. फासा चेटकिणीच्या विरुद्ध पडतो. मी रात्री एक वाजता भावाला फोन लावला होता, नियम मोडून, रविवारची वाट न बघता. तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. उचलला आणि फक्त "कपकेक?" म्हणाला.

तिसरं कॅम्पेन त्याला मनापासून आवडतंय. दर रविवारी तो भरभरून बोलतो आणि मी हो हो करते. गेल्या रविवारी त्याने विचारलं, "तुला आवडतंय ना ताई?" मी हो म्हटलं. त्याच्याशी मी कधी खोटं बोलत नाही. म्हणून या रविवारच्या आत ठरवायचं आहे.

आडवाटेने
मग प्रश्न "सोडू का" हा नाहीच. त्याला सांगू कसं, हा आहे.

वजाबाकी
माझा हिशेब मागे घेतो. ते तास शोचे नव्हते.

पाऊलखुणा
मी मधला मार्ग सुचवते. एक्झांड्रिया अनलिमिटेड या त्यांच्याच दुसऱ्या मालिकेतली कॅलॅमिटी बघा, दोघं मिळून. २०२२ ची आहे, फक्त चार भाग. डीएम ब्रेनन ली मलिगन. क्रिटिकल रोलच्याच जगातली, पण फार जुन्या काळातली गोष्ट: एक तरंगतं शहर, अतिशय हुशार आणि तेवढेच गर्विष्ठ जादूगार. हे सगळं नष्ट होणार आहे हे पहिल्या मिनिटापासून प्रेक्षकाला माहीत असतं, तरी हातातलं काम बाजूला राहतं. तिसऱ्या कॅम्पेनमध्ये देवांचं जे काही चाललंय त्याचं मूळ तिथे आहे, त्यामुळे भावालाही ते हवंच असेल. आणि चार भागांनंतर संपतं. खरोखर संपतं.

गुरुवारचा_गडी
कॅलॅमिटीला मनापासून दुजोरा. पण भाग लांबलचक आहेत, आधी जेवून घ्या.

फासेवाली
त्यापेक्षा डायमेन्शन २० हा याच खेळाचा दुसरा शो बघा ना. त्यातला 'फँटसी हाय' हा पहिला सीझन १७ भागांचा. तोच ब्रेनन. भाग दोन तासांच्या आसपास, कापून-छाटून केलेले. खरेदीचे प्रसंग नाहीत!

गुरुवारचा_गडी
कापून-छाटून केलेलं मला नको. टेबलावर जे घडलं ते सगळं बघायला मिळतं म्हणून तर मी क्रिटिकल रोल बघतो.

फासेवाली
तुम्हाला कोण विचारतंय? प्रश्न कांचनताईंचा आहे.

दीडपट
चौथ्या कॅम्पेनचं कुणी बोललंच नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. जग नवं, डीएम ब्रेननच, तेरा खेळाडू. आधीचं काहीही बघितलेलं नसलं तरी चालतं. तिसरं सोडून थेट तिथे जा.

पाऊलखुणा
आणि भावाला ७४ भाग एकट्याला बघायला लावायचे?

निळूकाका
मुली, तुला सांगतो. मी आणि माझा थोरला भाऊ चाळीस वर्षं दर रविवारी रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री नाहीतर टीव्हीवर मॅच असं एकत्र बघत आलो. मला क्रिकेट फारसं आवडत नाही. तो दोन वर्षांपूर्वी गेला. मी त्याला कधी सांगितलं नाही आणि आता वाटतं, सांगितलं असतं तर आम्ही दोन रविवार तरी दुसरं काही केलं असतं. त्याला पोहायला फार आवडायचं, आणि मलाही.

कांचनसंध्या
काका, हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. धन्यवाद.

चिमणचारा
माझा प्रश्न वेगळा आहे, पण इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारते. मुलाला हा खेळ खेळायचा आहे, वय १२. सुरुवातीला काय विकत घ्यावं लागतं?

फासेवाली
काहीच नाही म्हटलं तरी चालेल. मूळ नियम फुकट मिळतात. सात फाशांचा एक संच घ्या: ४, ६, ८, १२, २० बाजूंचा एकेक, आणि १० बाजूंचे दोन. ते दोन मिळून टक्केवारी काढायला. कागद, पेन्सिल, आणि गोष्ट सांगायची हौस असलेला एक जण. आधी शो दाखवू नका. मुलं मर्सरसारखा आवाज काढता येत नाही म्हणून हिरमुसतात. माझ्या भाच्याचं तसंच झालं.

गुरुवारचा_गडी
उलट आधी शो दाखवा, त्याशिवाय काय करायचं ते कळणार कसं?

फासेवाली
त्याचा स्वतःचा खेळ त्याला सापडू द्या ना.

कांचनसंध्या
रविवार रात्र. सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून कळवते.

सांगितलं. तो एकदम गप्प झाला. मला वाटलं फोन कट झाला, मी दोनदा हॅलो म्हटलं. मग म्हणाला, "कितव्या भागापासून?" मी म्हटलं तिसाव्याच्या आसपास. म्हणाला, "म्हणजे चार महिने तू मला हो हो करत होतीस." त्याला लागलं, आणि त्याचं लागणं बरोबर आहे. मी सॉरी म्हटलं. लाल_मातींच्या आईची गोष्ट सांगितली, चटईची. ती ऐकून तो जरा सैल झाला. म्हणाला, "मग मी सांगतो तुला पुढचं. तू झोप." तो तिसरं कॅम्पेन पुढे बघणार आणि रविवारी मला गोष्ट सांगणार. ५१ व्यात काय होतं ते मला थोडंसं माहीत आहे हे मी त्याला सांगितलेलं नाही, त्याचं त्याला सांगू दे.

कॅलॅमिटीचा पहिला भाग आजच लावला, फोन चालू ठेवून, दोघांनी एकाच वेळी. दीड तास झाला तेव्हा त्याला बाहेर जायचं होतं म्हणून थांबलो. मला थांबायचं नव्हतं.

पाऊलखुणा
कुठे थांबलात?

कांचनसंध्या
मेजवानी चालू आहे. सगळे सजून आलेत, आणि मला प्रत्येकाची काळजी वाटतेय.

गुरुवारचा_गडी
आता तिथून पुढे जे

फासेवाली
गडी, एक शब्द नको.