पीट-दलदलीतील जंगल खालावल्यावर मुळांमधील कार्बनचे काय होते?

पाणवठा (प्रश्न):
इंडोनेशियातील मध्य कालिमंतानच्या पीट-दलदलींविषयी (पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजून साठत गेलेल्या वनस्पती-अवशेषांचा थर) वाचताना एक शंका आली. तेथील कार्बनहानीचा हिशेब मांडताना खोडे, फांद्या आणि पीटचा थर यांवर भर असतो; मुळांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो. पीट कित्येक मीटर खोल असल्याने मुळांचा वाटा नगण्य मानला जातो का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

मृदाविचार:
निव्वळ साठा पाहिला तर जिवंत मुळांतील कार्बन पीटपुढे किरकोळच आहे. परंतु ते पीट मुळात तयार कशाचे झाले, हे पाहायला हवे. थंड प्रदेशातील पीटमध्ये शेवाळाचा भरणा मोठा असतो. आग्नेय आशियातील पीट मुख्यतः लाकूड आणि मुळे यांचे आहे. जमिनीवर पडलेल्या पानाला हवा मिळत असल्याने ते तुलनेने लवकर कुजते, तर पाण्याने भरलेल्या थरात मेलेले मूळ ऑक्सिजनअभावी वर्षानुवर्षे टिकून राहते. पीट ही जुनी ठेव मानली, तर मुळे म्हणजे तिच्यातला नियमित भरणा होय.

१९९६ मध्ये भातशेतीसाठी सुमारे १० लाख हेक्टरांचा प्रकल्प हाती घेऊन मध्य कालिमंतानात हजारो किलोमीटरचे कालवे खोदले गेले. भात पिकला नाहीच. पाणपातळी मात्र खाली गेली आणि १९९७ च्या एल निन्योच्या दुष्काळात पीट पेटले. झाडे गेल्यामुळे नव्या मुळांचा पुरवठा थांबला आणि त्याच वेळी, पूर्वी बुडून राहिलेल्या जुन्या मुळांपर्यंत हवा पोहोचून ती कुजू लागली. जळीत जागी नेच्यांचे रान माजते, पण मोठ्या वृक्षांच्या जाड, काष्ठमय मुळांची जागा ते भरून काढत नाही.

रानमोजणी:
वरील उत्तराला मोजणीची बाजू जोडतो, कारण खरी गफलत तिथेच होते. जमिनीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जिवंत मुळांचे श्वसन आणि पीटचे कुजणे, दोन्ही मिसळलेले असतात. त्यामुळे उजाड जागेत हा आकडा कमी आला, तर पीट सुरक्षित आहे असे मुळीच नव्हे. श्वसन करणारी मुळेच तेथे उरलेली नसतात. दोन्ही वेगळे करण्यासाठी चर खणून मुळे तोडतात, परंतु तोडलेली मुळे स्वतः कुजू लागल्याने सुरुवातीची मोजमापे फुगलेली येतात. शिवाय नमुना कुठून घेतला, यावरही बरेच अवलंबून असते. अभंग जंगलात बुंध्यांभोवती मुळांच्या गुंत्याचे उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये तांबूस-काळ्या पाण्याचे खळगे. नुसत्या उंचवट्यांवरचे नमुने घेऊन सरासरी काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पाणवठा:
आभारी आहे. मग कालवे बांध घालून अडवले तर पुरेल का? आणि आपल्याकडील दोडामार्ग तालुक्यातील मायरिस्टिकाच्या (रानजायफळाच्या) दलदलींना हे लागू पडेल का?

मृदाविचार:
बांध घातल्याने कुजणे मंदावते आणि आगीचा धोका घटतो, त्यामुळे ते काम आधी करावे. परंतु भरणा पुन्हा सुरू होण्यासाठी झाडेच लागतात. पीट जळून व खचून जमीन खाली गेल्याने पावसाळ्यात तेथे पाणी अधिक खोल साचते आणि रोपे बुडून मरतात. म्हणून कृत्रिम उंचवटे करून त्यांवर पाणी सोसणारी स्थानिक झाडे लावण्याचे प्रयत्न झाले आहेत.

दोडामार्गच्या दलदलींत गुडघ्यासारखी वर आलेली श्वसनमुळे दिसतात, हे साम्य खरे आहे. पण त्या ओढ्याकाठच्या दलदली आहेत, तेथे कालिमंतानसारखे मीटर-मीटर खोल पीट नाही. तेथील आकडे इकडे लावू नयेत.